दादाभाऊंनी मारलेलं सोल्डर

दादाभाऊंना कुणी 'सर' म्हटलं की ते मागं वळून बघतात, सर कुठं उभे आहेत ते. सहा वर्षं झाली, दर शनिवारी ते आमच्या शाळेत मुलांना शिकवायला येतात, पण 'शिकवतो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. "पोरांकडं जाऊन येतो जरा," एवढंच म्हणतात. मुलं त्यांना नाना म्हणतात. मी वृषाली, त्याच शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे शिकवायची इच्छा आहे. सध्या मी जास्त करून माहिती भरते. आज ही लिंक, उद्या तो फॉर्म, परवा 'तात्काळ' असं लाल अक्षरात लिहिलेलं काहीतरी. त्यातून उरलेल्या वेळात प्रकाशाचं परावर्तन.

दादाभाऊंचं दुकान आळेफाट्यावर, नगर रस्त्याला. मोटार रिवायंडिंगचं. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की शेतकरी ती गाडीवर टाकून त्यांच्याकडं आणतो. दादाभाऊ आतली जळकी तार उपसून काढतात, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरतात, वर वॉर्निश ओततात आणि वाळवतात. पस्तीस वर्षं हेच. मूळचे आण्याच्या पठारावरचे. "आमच्याकडं पाणीच नव्हतं, मग मोटारी दुरुस्त करायला खाली यावं लागलं," असं सांगतात आणि स्वतःच हसतात. आता अठ्ठावन्न वय झालं. कंबर धरते, वॉर्निशच्या वासानं खोकला लागतो, आणि डाव्या अंगठ्याला तार कापून कापून घट्टा पडलाय.

त्यांच्या दुकानाची एक पद्धत आहे. भरलेली मोटार लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची नाही. दुकानातच तीन तास चालवायची, हात लावून बघायची, तापली तर पुन्हा उघडायची. शेतकरी बाहेर बसून कितीही ओरडू दे. "बंद मोटार माझ्या दारातनं बाहेर जात न्हाई," हे ते फार अभिमानानं सांगतात, आणि त्यांनी सांगावं असंच ते आहे.

शाळेत ते आले तेही मोटारीपायीच. आमच्या टाकीची मोटार जळाली होती. मैदानात बसून त्यांनी ती उघडली आणि भोवती पोरांचा गराडा पडला. एकानं विचारलं, एवढी तार कशाला? दुसऱ्यानं विचारलं, ही फिरते कशी, हिला ढकलतं कोण? नुसतं उघडून बघायचं, अर्ध्या तासाचं काम, माणूस तीन तास बसला. जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं लई चौकस हायेत. शनिवारी येऊ का?" शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती सुटली की साडेअकरा ते दीड, असा आमचा विज्ञान क्लब सुरू झाला. त्याला फी नाही, मानधन नाही, सरकारी आदेशही नाही. बहुतेक म्हणूनच तो सहा वर्षं टिकला.

त्यांच्या बायकोला, मंगलताईंना, हे फारसं पसंत नव्हतं. शनिवारी गिऱ्हाइकांची गर्दी, आणि हा माणूस दुकान बंद करून निघालेला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या. व्याही म्हणजे मी. तरी डब्यात मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू असायचेच.

क्लबात दादाभाऊंचा एकच कायदा. मुलांच्या वस्तूला हात लावायचा नाही. दोन्ही हात मागं बांधून उभे राहायचे. कुणी विचारलं, "नाना, ही वायर इथंच ना?" तर म्हणायचे, "लावून बघ." "नाना, फ्यूज उडंल का?" "लावून बघ." एकदा उडालाच, अख्ख्या शाळेचा. मुख्याध्यापक धावत आले. दादाभाऊ शांतपणे त्या पोराला म्हणाले, "आता कळलं का?" पोरगं म्हणालं, "कळलं." मुख्याध्यापकांना मात्र ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी हे सगळं कौतुकानं सांगतेय, पण गेल्या वर्षभरात दादाभाऊ थकले होते. मीही. वीस मुलांचा क्लब नऊवर आला होता, बाकीची क्लासला जायला लागली होती. विजेचा दाब कमी, म्हणून मोटारी जास्त जळत होत्या. शनिवारी यायचे ते सकाळपासून दोन मोटारी उपसून. भिंतीला टेकून उभे राहायचे. कधी कधी डोळे मिटलेले दिसायचे, पण कुणी वायर चुकीच्या जागी लावली की बरोबर उघडायचे. "थकलो, मॅडम," असं जाताना म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी यायचे.

त्यांना खरं आणत होती ती संस्कृती. आठवीतली पोरगी, बुटकी, बोलायला फटकळ. घरची शेती, दरवर्षी उन्हाळी कांदा. कांदा काढला की बराखीत भरून ठेवतात, म्हणजे वारा खेळता राहील अशा बांबूच्या तट्ट्यांच्या चाळीत. भाव येईपर्यंत चार-पाच महिने. पण आतला एक कांदा सडला की त्याचं पाणी पाझरतं, शेजारचे सडतात, आणि बाहेर वास येईपर्यंत आत पोतं-दोन पोती गेलेली असतात. संस्कृतीनं क्लबात विचारलं, "नाना, आतला कांदा पाझरायला लागला की बाहेर लाइट लागली तर?"

दादाभाऊ म्हणाले, "लावून बघ."

तिनं लावली. सुतळी मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवली, तिच्यावर दोन उघड्या तारा गुंडाळल्या, त्यांना एका पेटीतला सेल आणि बाहेर छोटी लाइट. सुतळी ओली झाली की वीज वाहणार आणि लाइट लागणार. जुलैत तिनं ती घरच्या बराखीत खुपसली, आणि लाइट लगेच लागली. दुसऱ्या दिवशीही चालूच. तिसऱ्या दिवशीही. तिच्या वडिलांनी, संपतभाऊंनी, अर्धी बराख उपसली. एकही कांदा सडलेला नव्हता! पावसाळी हवेतली ओल मिठानं ओढून घेतली होती आणि सुतळी आपोआपच ओली झाली होती. संपतभाऊ शाळेत येऊन मला काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही.

संस्कृती मात्र हटली नाही. मीठ अर्धा चमचा, मग पाव, मग चिमूट, मग मीठच नाही. मीठ काढल्यावर दुसरंच दुखणं. आता खोटी लाइट लागत नव्हती, पण खरीही वेळेवर लागत नव्हती. सात कांदे सडून पाझरले तर मिणमिणायची, एकाला काहीच नाही. प्रत्येक वेळी ती वहीत तारीख घालून लिहायची, काय केलं, काय झालं. अशा एकतीस नोंदी झाल्या. ओल्या सुतळीतून वीज फार थोडी वाहते, ती वाढवायला ट्रान्झिस्टर लागतो, हे दादाभाऊंना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी विचारलं, सांगत का नाही? म्हणाले, "तिला विचारू द्या. दारापर्यंत आलीय. आता ढकललं तर तोंडावर पडंल."

डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. ही प्रदर्शनं मी पंधरा वर्षं बघतेय. दरवर्षी तीन ज्वालामुखी, दोन पवनचक्क्या आणि एक असं यंत्र, की जे बापानं पुण्याहून विकत आणलंय हे शेंबडं पोरही सांगेल. आमचा क्लब त्यात कधी नंबरात आला नव्हता. त्याची मला खंत नव्हती. पण या वेळी संपतभाऊंनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, प्रदर्शनात काय व्हतंय ते बघू. काय जमलं तर जाऊ द्या तिला तुमच्याकडं. न्हाईतर शनिवारी घरी लई काम हाय." म्हणजे ती पेटी चालली नाही तर संस्कृतीचा क्लब बंद. हे मला माहीत होतं, दादाभाऊंना माहीत होतं, आणि संस्कृतीला तर होतंच.

तरी तिनं आपलं बोलणं तयार केलं होतं. वर्गात माझ्यासमोर म्हणून दाखवलं होतं. "सात कांदे सडले की या यंत्राला कळतं. एक सडला तर अजून कळत नाही. का कळत नाही, ते मी शोधतेय. आतापर्यंत एकतीस वेळा करून बघितलं." मी म्हटलं, छान आहे. आणि मनात म्हटलं, संपलं. 'अजून कळत नाही' असं सांगणाऱ्या पोरीकडं कोण बघणार?

प्रदर्शनाला जायची जीप सकाळी आळेफाट्यावरून निघणार होती, म्हणून मुलांच्या सगळ्या वस्तू आदल्या दिवशी दुपारी दादाभाऊंच्या दुकानात आणून ठेवल्या. मी तिथंच स्टुलावर बसून चिठ्ठ्या चिकटवत होते. नाव, इयत्ता, उपकरणाचं नाव, मार्गदर्शक शिक्षक. दादाभाऊंकडं त्या दिवशी चार जळक्या मोटारी पडल्या होत्या. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, बाहेर दोन शेतकरी घाई करत बसलेले. त्यांनी एक मोटार संपवली, हात पुसले आणि सवयीनं, अगदी सवयीनं, बाकावरची संस्कृतीची पेटी ओढली. दुकानातून बाहेर जाणारी वस्तू चालवून बघायची, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. तिच्यासोबत ठेवलेल्या सडक्या कांद्यांतला एक त्यांनी सुतळीवर दाबला.

लाइट लागली नाही.

त्यांनी कांदा काढून बाजूला ठेवला. मग मला म्हणाले, "संपत उद्या येणार हाय का?"

"येणार आहेत. जुन्नरला काही काम आहे म्हणाले, तिकडून येतील."

"हं," म्हणाले. स्क्रू ड्रायव्हर घेतला, पेटी उघडली, खणातून दोन ट्रान्झिस्टर काढले आणि कथील वितळवून तारांना सोल्डर मारलं. दहा मिनिटं. त्या पोरीला पाच महिन्यांत जे जमलं नाही ते दहा मिनिटांत. एक कांदा दाबला, लाइट लख्ख लागली. पेटी बंद करून त्यांनी बाकावर ठेवली आणि खोकत खोकत पुढची मोटार ओढली. माझ्याकडं बघितलं नाही.

मी बोलायला हवं होतं. सहा वर्षं मागं बांधलेले हात मी माझ्या डोळ्यांनी सुटताना बघितले, आणि मी चिठ्ठीवर 'संस्कृती, इयत्ता आठवी' लिहिलं आणि ती त्या पेटीवर चिकटवली. मला घरी जायचं होतं. सकाळपासून पाठ दुखत होती. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चला, पोरीचं काम झालं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तोबा गर्दी. संस्कृती आपल्या टेबलापाशी वही उघडी ठेवून उभी होती. संपतभाऊ आले, टोपी काढून कडेला उभे राहिले. दादाभाऊ आणि मी त्यांच्या मागं. परीक्षक म्हणून एका कॉलेजचे प्राध्यापक होते, चांगले वाटले, घाईत नव्हते. त्यांनी वही चाळली, हसले, आणि म्हणाले, "बरं, एक कांदा सडला तर कळत नाही ना? दाखव."

संस्कृतीनं एक कांदा सुतळीवर दाबला. लाइट लख्ख लागली.

तिचं तोंड उघडंच राहिलं. "लागली!" ती ओरडली. शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. तिनं कांदा काढला, सुतळी पुसली, दुसरा दाबला. पुन्हा लख्ख. अहो, काय आनंद झाला होता त्या पोरीला! संपतभाऊ पुढं सरकले. मी दादाभाऊंकडं बघितलं, ते जमिनीकडं बघत होते.

"आज कशी काय लागली?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं विचार केला. "माहीत नाही, सर. इथली हवा कोरडी आहे म्हणून... नाही, तसं असतं तर उलट कमी लागली असती." आणि मग सहा वर्षांत दादाभाऊंनी जे जे शिकवलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं. "सर, उघडून बघू का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिच्या हातानं नव्हे, आमच्या.

तिनं स्क्रू काढले. आत वाकून बघितलं. ते दोन काळे ट्रान्झिस्टर, आणि त्यांच्या पायांपाशी गोल, चकचकीत, एकसारखं सोल्डर. तसं सोल्डर आमच्या क्लबात एकाही पोराला जमत नाही. तिचं स्वतःचं नेहमी गोळा व्हायचं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. परीक्षकांनी विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "मला माहीत नाही." मग म्हणाली, "हे मी केलेलं नाही, सर." आवाज अजिबात चढला नव्हता. वळून तिनं दादाभाऊंकडं एकदाच बघितलं, वही मिटली आणि दप्तरात टाकली.

परीक्षक काही लागट बोलले नाहीत. जाता जाता माझ्याजवळ थांबून हळू म्हणाले, "मॅडम, वही फार सुंदर होती हो. तेवढीच पुरली असती." त्यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी संस्कृती क्लबला आली नाही. त्याच्या पुढच्याही. शाळेत यायची, उत्तरं द्यायची, वही दाखवायची, पण अकराला घंटा झाली की दप्तर उचलून घरी. मला वाटलं, बापानं अडवलं असणार. फोन केला तर संपतभाऊच म्हणाले, "मी कशाला अडवू? मी तर म्हणलं जा. ती यंत्र उघडाया लागली ना, तवाच मला कळलं, पोरीत काहीतरी हाय. पण तीच नको म्हणती. तुमीच विचारा."

हे मी दादाभाऊंना सांगितलं. त्यांनी हातातली तार खाली ठेवली, म्हणाले, "चला."

रविवार होता. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी गेले. संस्कृतीच्या रानात कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात बायका ओळीनं बसलेल्या, हातात रोपाच्या जुड्या. संस्कृती त्यांच्यातच, चिखलात बसून भराभर रोप टोचत होती. दादाभाऊ बांधावर उभे राहिले. बायका थांबल्या, ती थांबली नाही.

"संस्कृती," ते म्हणाले, "चुकलो मी."

तिनं पुढचं रोप टोचलं.

"तुज्या बापानं तसं सांगितलं व्हतं, म्हणून मी... तुजं येणं बंद व्हऊ नये म्हणून केलं गं."

"मला माहीत हाय, नाना." तिनं आणखी दोन रोपं लावली. "मी बंद पेटी घेऊनच जाणार व्हते. मला त्याची लाज न्हवती वाटत."

"व्हय. चुकलंच माजं. शनिवारी ये. ते ट्रान्झिस्टरचं काय असतं ते पहिल्यापासनं करू. मी हात लावणार न्हाई."

आता ती थांबली. चिखलाचे हात गुडघ्यांवर ठेवून तिनं वर बघितलं. रडत नव्हती. रडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"घरी सगळे म्हणायचे, तुझ्याच्यानं न्हाई व्हणार. बाप म्हणायचा, आई म्हणायची, वर्गातली पोरं म्हणायची. मला काय वाटायचं न्हाई त्याचं. तुमी एकटेच तसं म्हणत न्हवता, नाना. म्हणून मी यायचे." आणि पुन्हा खाली वाकून जुडीतलं रोप तिनं सुटं केलं.

एक बाई मला म्हणाली, "बसा की मॅडम, चहा येतोय." मी म्हटलं, नको, निघतो. दादाभाऊ बांधावरून हलेनात. दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी मीच त्यांच्या दंडाला धरून वळवलं.

रस्त्याला लागल्यावर ते गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होते. फाटा जवळ आला तसे त्यांनी कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही पाय टेकवून तसेच बसून राहिले. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

"मॅडम," ते म्हणाले, "मी तिला म्हणणार व्हतो, तसं न्हाई बाळा, माझा तुझ्यावर लई इस्वास व्हता. पण जीभ रेटंना."

"का?"

"ती खरं बोलली. त्या दिवशी दुकानात कांदा दाबला, लाइट लागली न्हाई, तवा मला खरंच वाटलं, हिच्याच्यानं न्हाई व्हणार."

मी मागच्या सीटवर होते, त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मला तर ते तिच्या एकतीस नोंदी वाचतानाच वाटलं होतं.